सव्वा डॉलरची खोली: जगातलं पहिलं मोटेल आणि दाराबाहेर राहिलेली माणसं

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर ऐका.)



आजचा विषय आहे एक शब्द. मोटेल. आपल्याकडे हा शब्द तसा कमीच वापरतात. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ आणि चहा, आणि झोपायला ‘लॉज’. हायवेवर एखादी पाटी दिसते, ‘मोटेल अमुकतमुक’, आणि आपण तिथे थांबतो तेही वडापाव खायला. पण हा शब्द कधी जन्मला, कुठे जन्मला, हे माहीत आहे. आणि ज्या इमारतीच्या पाटीसाठी तो तयार झाला, ती इमारत कोणती हेसुद्धा माहीत आहे.

तारीख १२ डिसेंबर १९२५. गाव सॅन लुइस ओबिस्पो, कॅलिफोर्निया. इमारतीचं नाव ‘माइलस्टोन मो-टेल’. आज तिची गोष्ट सांगतो. पण ही गोष्ट एका इमारतीपाशी थांबत नाही. ती आपल्या नाशिक-येवला रस्त्यावरही येते, आणि थेट आपल्या संविधानातही जाते. कशी, ते ऐका.

मोटार आली, पण झोपायचं कुठे?

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९०८ साली हेन्री फोर्डने ‘मॉडेल टी’ ही गाडी आणली. तेव्हा किंमत होती ८५० डॉलर. १९२५ पर्यंत तिचं साधं मॉडेल ३०० डॉलरच्याही खाली आलं. म्हणजे जी गाडी फक्त शेठ लोकांची होती, ती शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, शाळामास्तरच्या अंगणात आली. आणि घरात गाडी आली की माणूस काय करतो? फिरायला निघतो.

आता प्रश्न असा की रात्री राहायचं कुठे. हॉटेलं होती, नाही असं नाही. पण ती रेल्वेच्या काळातली. गावाच्या मध्यभागी, स्टेशनजवळ. आत शिरलं की मोठी लॉबी, गणवेशातली पोरं, सामान उचलणाऱ्याला टीप, दार उघडणाऱ्याला टीप. तुम्ही दिवसभर कच्च्या रस्त्यावर गाडी हाकून आलेले, कपड्यांवर धुळीचा थर, बायको दमलेली, पोरं रडतायत. त्या अवतारात लॉबीतल्या सुटाबुटातल्या लोकांसमोरून जायचं. आणि गाडी लावायची कुठे, हा प्रश्न वेगळाच.

मग लोकांनी सोपा मार्ग काढला. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा, डबाबंद अन्न गरम करायचं, झोपायचं. १९१९ साली फ्लोरिडात अशा लोकांनी स्वतःचा एक क्लबच काढला, नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. डबेवाले प्रवासी म्हणा हवं तर. शेतकरी वैतागले, कारण हे लोक कुठेही तंबू टाकायचे आणि कचरा सोडून जायचे. मग गावोगावच्या नगरपालिकांनी ‘ऑटो कॅम्प’ उघडले. एक मोकळं मैदान, पाण्याचा नळ, संडास. सुरुवातीला फुकट. पुढे काही ठिकाणी पैसे घ्यायला लागले, कारण फुकट म्हटल्यावर काही जण तिथे मुक्कामालाच राहायला लागले. मग कुणीतरी तंबूच्या जागी लाकडी खोपटं बांधली. हे सगळं होत होत गाडी १९२५ पर्यंत आली.

पाटीवर न मावलेलं नाव

आर्थर हाइनमन हा कॅलिफोर्नियातला आर्किटेक्ट. एकाच अंगणाभोवती छोटे छोटे बंगले बांधायचे, ही त्याची खासियत. त्याने नकाशा बघितला. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को साधारण ६४० किलोमीटर. त्या काळातली गाडी, त्या काळातला रस्ता, म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. मधे एक रात्र काढायलाच लागणार. आणि साधारण मध्यावर येतं सॅन लुइस ओबिस्पो.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. त्याच वाटेवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी स्पॅनिश पाद्र्यांनी एकवीस मिशनं, म्हणजे मठच म्हणा, बांधली होती. सॅन लुइस ओबिस्पोचं मिशन १७७२ सालचं. एका मिशनपासून दुसऱ्यापर्यंत साधारण एका दिवसाची वाट, असं सांगतात. हाइनमनने तोच हिशोब घोड्याऐवजी मोटारीला लावला. इमारतही मिशनसारखीच दिसेल अशी बांधली: पांढऱ्या भिंती, कमानी, घंटाघरासारखा मनोरा.

नाव ठेवायचं होतं ‘माइलस्टोन मोटर हॉटेल’. गोष्ट अशी सांगतात की एवढं लांब नाव पाटीवर मावेना. मग त्याने दोन शब्द एकत्र कोंबले. मोटर आणि हॉटेल. मो-टेल. झाला शब्द तयार.

रात्रीचा दर सव्वा डॉलर. त्यात काय मिळायचं? दोन खोल्यांचा छोटा बंगला. स्वयंपाकाला ओटा. आत स्वतःचं बाथरूम, शॉवरसकट. आणि बंगल्याला लागूनच गाडीसाठी गॅरेज. १९२५ सालात प्रवासात स्वतंत्र बाथरूम मिळणं ही चैनीची गोष्ट होती बरं का. बऱ्याच हॉटेलांत सगळ्या मजल्याला मिळून एक असायचं.

पण माझ्या मते यातली खरी नवी गोष्ट बाथरूम नव्हती, गॅरेजही नव्हतं. खरी गोष्ट होती दार. हॉटेलात तुमच्या खोलीचं दार आतल्या बोळात उघडतं. तिथे पोचायला लॉबी ओलांडावी लागते, म्हणजे सगळ्यांच्या नजरेखालून जावं लागतं. मोटेलमध्ये खोलीचं दार बाहेर उघडतं, थेट तुमच्या गाडीपाशी. पैसे दिले, किल्ली घेतली, गाडी लावली, आत गेलात. तुमचे बूट मळके आहेत का, हे बघायला मधे कुणी बसलेलं नाही.

हाइनमनला अशा मोटेलांची साखळीच उभारायची होती. ते झालं नाही. थोड्याच वर्षांत जागतिक मंदी आली. आणि ‘मोटेल’ हा शब्दही त्याच्या मालकीचा राहिला नाही. ज्याला वाटेल त्याने वापरला. एका अर्थी बरंच झालं. नाहीतर आज तो एका कंपनीचा ब्रँड असता, शब्दकोशातला शब्द नसता.

हे दार सगळ्यांनाच आवडलं असं नाही. १९४० मध्ये एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी एका मासिकात लेख लिहिला, की रस्त्याकडेच्या या टूरिस्ट कॅम्पांमध्ये गुन्हेगार लपतात. त्यांना खटकत होतं ते नेमकं हेच: इथे आलेल्या माणसावर कुणाची नजर नसते.

दार उघडं, पण कुणासाठी?

इथपर्यंत ऐकून वाटेल, वा, काय लोकशाही आहे! गाडी आणि सव्वा डॉलर असला की काम झालं.

नाही. कारण लॉबी गेली तरी काउंटर राहिलाच होता. किल्ली देणारा माणूस राहिलाच होता.

त्या काळात अमेरिकेतल्या असंख्य हॉटेलांत आणि मोटेलांत काळ्या माणसांना खोली मिळत नसे. गाडी स्वतःची, पैसे खिशात, खोली रिकामी, तरी नाही. दक्षिणेत तर राजरोस, पण उत्तरेत आणि पश्चिमेतही हे चालायचं. काही गावं तर अशी होती की सूर्य मावळायच्या आत काळ्या माणसाने गावाबाहेर पडायचं. नाहीतर जिवावर बेतायचं. म्हणून काळी कुटुंबं प्रवासाला निघताना डबा घ्यायची, पेट्रोलचा जादा कॅन घ्यायची, गाडीतच झोपायची तयारी ठेवायची.

१९३६ साली न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या एका पोस्टमनने यावर उपाय काढला. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन त्यांचं नाव. त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं. कुठल्या गावात कोण काळ्या माणसाला खोली देईल, जेवण देईल, पेट्रोल देईल, याची गाववार यादी. ‘ग्रीन बुक’. बऱ्याच गावांत हॉटेलचं नावच नसे, कुणाच्या तरी घराचा पत्ता असे. या बाई एक खोली देतात, बस्स. आज आपण फोनवर रेटिंग बघतो. तेव्हा रेटिंगचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एकच: आत घेतील का? पुस्तकाच्या प्रस्तावनेत ग्रीन यांनी आशा व्यक्त केली होती की एक दिवस या पुस्तकाची गरजच उरणार नाही.

नाशिकहून निघालेल्या गाड्या

हे सगळं तिकडे अमेरिकेत. आता ग्रीन बुक निघायच्या दोन वर्षं आधी, १९३४ साली, आपल्याकडे काय झालं ते ऐका. कारण मोटारप्रवास आपल्याकडेही सुरू झाला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, मिळून तीसेक जण, सहलीला निघाले. वेरूळची लेणी बघायची होती. नाशिकहून बस आणि मोटारगाड्या भाड्याने घेतल्या, येवल्यामार्गे औरंगाबादच्या दिशेने निघाले. तोपर्यंत बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले, बॅरिस्टर झालेले, गोलमेज परिषदेला जाऊन आलेले. तरीही या सहलीचा कार्यक्रम त्यांनी मुद्दाम जाहीर केला नाही. का? वाटेत अस्पृश्य म्हणून त्रास नको. जिथे जिथे थांबायचं, तिथल्या फक्त आपल्या ओळखीच्या माणसांना कळवून ठेवलं.

लक्षात येतंय ना? हेच तर ग्रीन बुक. फक्त छापलेलं नाही, माणसांच्या डोक्यात ठेवलेलं.

दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोचले. तोंडावर प्रवासाची धूळ. दाराजवळ पाण्याचं एक छोटं टाकं होतं. त्या पाण्याने काही जणांनी हातपाय-तोंड धुतलं. आणि आरडाओरडा सुरू झाला, की यांनी पाणी बाटवलं. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी किल्ला बघू दिला, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवलाय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा इंग्रजी पुस्तिकेत. तासाभरात वाचून होईल. नक्की वाचा.

धुळीने माखलेला प्रवासी कॅलिफोर्नियात सव्वा डॉलरला शॉवर घेऊ शकत होता. धुळीने माखलेला प्रवासी दौलताबादला तोंड धुऊ शकत नव्हता. आणि कॅलिफोर्निया असो की दौलताबाद, प्रवाशाच्या खिशात पैसे असणं पुरेसं नव्हतं.

१९५० आणि १९६४

आता हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश.

२६ जानेवारी १९५० ला आपलं संविधान लागू झालं. त्यातलं कलम १५. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही, एवढं आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याचं दुसरं उपकलम उघडून बघा. त्यात चक्क जागांची यादी आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा. आणि पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. यातल्या दुसऱ्या गटात ज्या जागा सरकारी पैशातून चालतात किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या आहेत, त्या येतात.

हॉटेल. तलाव. रस्ता. देशाच्या संविधानात एवढ्या बारीक गोष्टी लिहायची गरज का पडावी? मसुदा समितीचा अध्यक्ष कोण होता आणि दौलताबादच्या टाक्यापाशी कोण उभा होता, हे आठवलं की वेगळं उत्तर लागत नाही.

अमेरिकेत हॉटेलांबद्दल असा देशभर टिकलेला कायदा यायला १९६४ साल उजाडलं. जुलैत नागरी हक्क कायदा झाला आणि त्याला लगेच कोर्टात आव्हान दिलं, कुणी? एका मोटेलने! ‘हार्ट ऑफ अटलांटा मोटेल’, २१६ खोल्या. मालक म्हणाला, माझं मोटेल, मी कुणाला ठेवायचं ते मी ठरवणार. १४ डिसेंबर १९६४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. तुमच्याकडे बाहेरच्या राज्यांतले प्रवासी येतात, म्हणजे हा राज्याराज्यांमधला व्यापार झाला, त्यावर कायदा करायचा अधिकार संसदेला आहे, आणि तुम्हाला तो पाळावा लागेल. दोन-तीन वर्षांत ग्रीन बुक बंद झालं. ग्रीन तेव्हा हयात नव्हते, पण त्यांची आशा निदान कायद्याच्या कागदावर तरी खरी झाली.

बाल्कनीतलं दार

आणखी एक मोटेल. मेम्फिस शहरातलं लॉरेन. वॉल्टर बेली या काळ्या गृहस्थांनी १९४५ मध्ये ते विकत घेतलं, पत्नी लोरी हिच्या नावाशी जुळणारं नाव दिलं. काळ्या गायक-वादकांची ही हक्काची जागा होती, ग्रीन बुकमध्ये नाव होतं. मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले की अनेकदा इथे उतरत.

४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी किंग खोली नंबर ३०६ च्या बाहेर बाल्कनीत उभे होते. मगाशी म्हटलं ना, मोटेलचं दार बाहेर उघडतं. त्याच दाराबाहेर त्यांना गोळी लागली. त्याच दिवशी लोरी बेलींना मेंदूचा झटका आला. किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी त्यांनीही प्राण सोडला. वॉल्टर बेलींनी ३०६ नंबरची खोली पुन्हा कुणाला भाड्याने दिली नाही.

रस्ता सरकला

आता परत सॅन लुइस ओबिस्पोला जाऊ. माइलस्टोन मोटेलचं पुढे काय झालं?

१९५६ मध्ये अमेरिकेने देशभर इंटरस्टेट महामार्ग बांधायचा कायदा केला, सुमारे ६६ हजार किलोमीटर. नवे रस्ते गावांना वळसा घालून गेले. जुन्या रस्त्यावरच्या मोटेलांची गिऱ्हाइकं रातोरात गायब. तुम्ही हिचकॉकचा ‘सायको’ पाहिला असेल, १९६० चा. त्यातलं बेट्स मोटेल रिकामं का? हायवे दुसरीकडे गेला म्हणून. आपल्याकडे एक्सप्रेसवे झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ज्यांची हॉटेलं होती, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय १९५२ पासून हॉलिडे इनसारख्या साखळ्या आल्या होत्या. सगळीकडे सारखी खोली, सारखी पाटी.

सुटी मोटेलं स्वस्तात विकायला निघाली. ती घेतली कुणी? मोठ्या संख्येने आपल्याच लोकांनी, मुख्यतः गुजराती कुटुंबांनी. तिथेच राहायचं, नवरा काउंटरवर, बायको चादरी बदलणार, पोरं शाळेतून आली की टॉवेल घड्या करणार. पगारी माणूस ठेवायची गरज नाही. तेव्हा शेजारच्या मोटेलवाल्यांनी पाट्या लावल्या, ‘अमेरिकन मालकीचं’. म्हणजे पूर्वी काउंटरच्या पलीकडचा माणूस नको होता, आता अलीकडचाही नको. तरी ते टिकले. आज अमेरिकेतल्या हॉटेल-मोटेल धंद्याचा फार मोठा वाटा भारतीय वंशाच्या मालकांकडे आहे.

माइलस्टोन मोटेल १९९१ मध्ये बंद झालं. पुढे त्याच्या बऱ्याच खोल्या पाडल्या गेल्या, मनोऱ्याचा भाग तेवढा मागे राहिला. आणि त्याच १९९१ साली लॉरेन मोटेलच्या जागी राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडलं. ज्या मोटेलने शब्द दिला ते त्या वर्षी मिटलं, आणि दार उघडं ठेवणारं मोटेल त्याच वर्षी जपलं गेलं. यामागे कुणाची योजना नव्हती. पण जुन्या इमारतींमधलं काय जपायचं, असं मला कुणी विचारलं, तर मी या दोन मोटेलांची नावं सांगेन.

आपला काउंटर

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, आता सगळं ॲपवर आहे. तर एक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आणि एक मित्र बाइकवर निघालो होतो. रात्री साडेनऊ, पाऊस. एका तालुक्याच्या गावी लॉज दिसला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, रूम आहे. आधार कार्ड दाखवा. माझं बघितलं, परत दिलं. मित्राचं जरा जास्त वेळ बघितलं. “आडनाव काय म्हणालात? गाव कुठलं?” आणि मग त्याला एकदम आठवलं, की एक ग्रुप येणार आहे, रूम बुक झालीय.

भिजत अजून चाळीस किलोमीटर गेलो. मित्र म्हणाला, “मला वाटलंच होतं.” बस्स, एवढंच. मला राग आला होता, त्याला सवय होती.

आधार कार्ड दाखवणं चुकीचं नाही, सुरक्षेसाठी ओळखपत्र लागतं. पण त्यावरचं आडनाव वाचून खोली संपते, तेव्हा ते बेकायदेशीर असतं. लग्न न झालेल्या जोडप्याला नाही, एकट्या मुलीला नाही, ‘लोकल आयडी’ला नाही, अशी उत्तरं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असतील. प्रत्येकाचं कायद्यातलं उत्तर एकच नाही. पण धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून दार बंद केलं, तर उत्तर पक्कं आहे. कलम १५, उपकलम २. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा. रात्री साडेनऊला पावसात त्याने खोली मिळेलच असं नाही. पण आपण मेहेरबानी मागत नाही आहोत, हक्काचं मागतोय, हे निदान आपल्याला माहीत असेल.

आणि तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला असाल, घरचा होमस्टे असेल, कोकणात दोन खोल्या भाड्याने देत असाल, तर तुमच्यासाठी त्याहून सोपं आहे. रूम आहे ना? मग किल्ली द्या.

आजचा भाग इथेच थांबवतो. प्रवासात तुम्हाला कुणी असं दार बंद केलं असेल, किंवा अनपेक्षितपणे उघडलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. गावाचं नाव सांगा, माणसाचं नाव नको. आणि हा भाग अशा एका मित्राला पाठवा, ज्याच्यासोबत पुढच्या ट्रिपला जाणार आहात.

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, सावकाश जा.